मूठभर तांदळाची आगगाडी

भिसेगावात लाकडाची मोळी विकायला येणाऱ्या ठाकरवाडीतल्या बाईने मला मूठभर तांदूळ दिले, हे आधी सांगते. बाकीचं त्याच्या मागून.

माझं माहेर खानदेशात. चौथीत शाळा सुटली, पुढे लग्न होऊन इतक्या लांब आले. लढाई चालू असताना माहेराहून निरोप आला, की पलटणीत गेलेला पाठचा भाऊ ब्रह्मदेशात बेपत्ता आहे. मेला असं कुणी म्हणेना, आहे असंही म्हणेना. मला रडू आलं नाही. भाकऱ्या थापायच्या राहिल्या होत्या, त्या थापल्या.

सकाळी रांगोळीचा डबा घेऊन उंबऱ्याशी बसले, तर सासूबाईंनी हात धरला. सुतकात रांगोळी काढत नाहीत. पण सुतक होतं का? काढावी तर अशुभ होईल ही धास्ती, न काढावी तर मीच त्याला मेला म्हटल्यासारखं. खबर पक्की होईस्तोवर डबा फळीवर राहू दे, असं त्यांनीच ठरवलं. राहिला. दिवाळीलाही राहिला.

हे रेल्वेत होते. यांचं जेवण घेऊन मी कर्जत स्टेशनवर जाई. घाट चढायला मागे जादा इंजिन लावेपर्यंत शिपायांनी भरलेल्या गाड्या उभ्या असत. शिपाई खिडकीतून छातीपर्यंतच दिसत. मी एकेक खिडकी बघे आणि रिकामा डबा घेऊन घरी येई.

एकदा ती बाई मोळी उतरवून ओट्यावर टेकली. सणाचा उंबरा असा बोडका का, म्हणून विचारलंन. मी सांगितलं. तंबाखू मळता मळता म्हणाली, "उंबऱ्याव नको तं भितीव काढ. आमी लग्नात तांदूळ वाटून काढतो. भितीला कसलं सुतक?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. गोठ्याची भिंत घे म्हणाल्या.

भाताच्या तुसाची राख कालवून काढायला घेतलं, पण वाळली की झडे. तांदूळ रेशनवर, भिंतीला कोण लावणार? पुढच्या खेपेला तिने पदराची गाठ सोडली. कापणीच्या मजुरीचे तांदूळ होते. मी नको नको म्हणत असताना मूठभर माझ्या ओटीत टाकले.

ते वाटून मी आगगाडी काढली. खिडक्या, खिडक्यांत शिपाई, छातीपर्यंत. ती बघत उभी राहिली.

"यांचं पाय कुठं हायत?"

गाडीत बसलेत, दिसत नाहीत, म्हटलं.

"पायाबिगर घरी येतील कशे, बाय?"

मग डब्यांखाली पाय काढले. भाऊ कोणता ते मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांना काढले. शेजारीण म्हणाली, "गाडी हाय का गोम गं ही?" सासूबाई हसल्या. मी हसले का, आठवत नाही.

लढाई संपली. शिपायांच्या गाड्या घाट उतरून आल्या. भाऊ आला नाही, पक्की खबरही नाही. रांगोळीचा डबा अजून फळीवर आहे. पावसाने भिंत ओलावते, पाय पुसट होतात. तेवढे मी दर साल पुन्हा काढते.

आता मोळी तिची लेक आणते. आईचे गुडघे धरलेत, म्हणाली. लेकीचं लग्न निघेल तेव्हा भिंतीसाठी लागतील तेवढे तांदूळ वाटून, डोक्यावर घेऊन मी वाडीवर चढून जाईन. बाई, तुमची मूठ मी ठेवून घेणार नाही.