दुपारची बाटली

आमच्या गल्लीतले घड्याळकाका अबोल आहेत असं लोक म्हणतात. साफ खोटं. बायको गेल्यापासून चार वर्षं ते बोलत होतेच, फक्त दुरुस्तीला आलेल्या घड्याळांशी. एखादं मागे पडलं की त्याला आळशी म्हणायचे. मी दाराआडून ऐकलंय. ही माझी जुनी खोड.

मग सूनबाई नोकरीवर परत गेली आणि चौदा महिन्यांची नात दिवसभर त्यांच्या दुकानात येऊ लागली. मुलगा जहाजावर, म्हणजे असून नसल्यासारखाच. म्हातारा बदलला हो. दाढी रोज, शर्टाला इस्त्री. समोरच्या शिंपीणबाईंनी मला विचारलं, लग्नबिग्न ठरलंय की काय यांचं?

अडचण दुपारची. पोर झोपेना, आणि ती जागी असताना बारीक स्क्रू उघडे ठेवायची सोय नाही. म्हणून काका साखर घातलेल्या दुधाची बाटली द्यायचे. चोखता चोखता ती झोपायची, बाटली तशीच तोंडात. साखर नको, असं सूनबाईने बजावलं होतं. काका मान डोलवायचे आणि चमचाभर घालायचेच. आजोबाला तेवढाही हक्क नाही का?

एकदा त्यांच्या डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच पोर खदखदून हसली. वरचे दोन दात भिंगातून केवढे तरी दिसले. हिरडीलगत दोन्हींवर खडूसारखी पांढरी रेघ. ओल्या फडक्याने पुसली, जाईना. पितळेवर पहिला डाग कसा धरतो हे चाळीस वर्षं बघितलेला माणूस. समजायचं ते समजला.

साध्या डोळ्यांना ती रेघ दिसतही नव्हती. न सांगावं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. सांगावं तर पोर पाळणाघरात जाणार. दोन दिवस त्यांनी बाटलीत नुसतं पाणी दिलं. तिने बाटली भिरकावून दुकान डोक्यावर घेतलं. तिसऱ्या संध्याकाळी सूनबाई न्यायला आली, तेव्हा म्हणाले, "साखर मीच घालत होतो. हिचे दात दाखवून आण."

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातांवर साचून राहतं आणि कीड लागते. अजून खड्डा पडलेला नाही, ही रेघ थांबवता येईल. झोपताना बाटली बंद. मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा.

सूनबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सोमवारपासून पोर पाळणाघरात.

आता ती रविवारी तासभर येते. परवा मी तिथेच बसलो होतो, नाहीतर तुम्हाला कोण सांगणार. रेघ वाढलेली नाही, असं सूनबाई सांगत होती. काकांनी विचारलं, "तिकडे दुपारी झोपते?"

"झोपते की. पाठ थोपटली की दोन मिनिटांत."

"रडत नाही?"

"अजिबात नाही, बाबा."

"छान," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "थोडंसंही नाही?"