आटपाट नगरातला पेशंट

लातूरला एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी इंग्रजी बोलायला शिकवते. खाली मशीन सुरू झालं की वर माझा फळा थरथरतो. बारा-पंधरा जण येतात. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची असते, कुणाला नुसतंच फाडफाड बोलायचं असतं. काळ शिकताना त्यांचे हाल होतात, पण जर-तरची वाक्यं आली की वर्गात जीव येतो. मी फळ्यावर लिहिते, 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं', आणि सांगते, बघा, आत्याबाईला मिशा नाहीत, येणारही नाहीत, तरी आपण काकापर्यंत पोचलोच ना? इंग्रजीत याच कामाला 'इफ' ठेवलाय. मग पोरं सुटतात. मी कलेक्टर असतो तर, मला पंख असते तर, मॅडमनी आज सुट्टी दिली असती तर.

गेल्या वर्षी या वर्गात एक नर्स होती. सव्वीस-सत्तावीसची, निलंग्याजवळच्या खेड्यातली, इथल्या एका खासगी दवाखान्यात कामाला. महिन्याभरानं हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यासाठी तिची मुलाखत होती, सगळी इंग्रजीतून. ड्यूटी करून यायची, पहिल्या बाकावर बसायची, घरचा अभ्यास एकदाही चुकवला नाही. अशी विद्यार्थिनी मिळाली की मास्तरीण खूश होते, आणि खूश झालेली मास्तरीण जरा जास्तच ताणते.

मुलाखतीत काय विचारतात ते मी शोधून ठेवलं होतं. पेशंटचा श्वास थांबला तर काय कराल? चुकीचं औषध दिलं गेलं तर? पहिलाच प्रश्न विचारला आणि ती वहीची पानं उलटायला लागली. पुन्हा विचारला, तेव्हा म्हणाली, "मॅडम, पेशंटला काई होणार न्हाई."

"होणार नाही, कबूल. पण झालं तर?"

"असं कशाला बोलायचं? वास्तू तथास्तु म्हणत असती."

वर्ग हसला. मलाही आधी हसू आलं, मग राग आला. लहानपणी आम्हालाही हेच ऐकवलं होतं. घर दिवसभर 'तथास्तु' म्हणत असतं, तुमचा कुठला शब्द त्यात सापडेल सांगता येत नाही, तेव्हा अभद्र बोलू नका. 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून आमची तोंडं बंद केली जायची. पण रोज आजारी माणसांत वावरणाऱ्या मुलीनं हे म्हणावं? आठवडा झाला तरी तेच. पंख असते तर कुठं गेली असती ते ती सुरेख सांगायची. वाईटाचा 'इफ' आला की तिची दातखीळ बसायची.

शेवटी माझा तोल गेला. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नाही. "तथास्तुनं नोकरी मिळत नसते," मी म्हणाले. "पेशंट राहू दे, घरचं उदाहरण घे. तुझा भाऊ आजारी पडला तर काय करशील? बोल!"

तिनं वही मिटली, पिशवीत घातली आणि जिना उतरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या अर्धा तास आधी आली. बस म्हटलं तरी बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं भावाचं सांगितलं. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, लातूरला डाळमिलमध्ये कामाला, गावाहून रोज पहाटे मोटरसायकलवर यायचा. तीन वर्षांपूर्वी, उसाच्या दिवसांत, तो निघायच्या बेतात असताना हिनं हॉस्टेलवरून फोन केला. गावाकडं फोन एकट्याचा नसतो, तो स्पीकरवर लावतात आणि सगळं घर ऐकतं. ही म्हणाली होती, "दादा, अंधारात नको निघू. एखाद्या ट्रॉलीला धडकलास म्हंजे?" अर्ध्या तासानं तो रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. तो जागीच गेला.

"तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ह्या पोरीच्या तोंडानं झालं," ती म्हणाली. "तवापासून माझ्याशी कामापुरतंच बोलती. म्हणून मला हैदराबादला जायचंय मॅडम. घरी जाववत न्हाई. पण मुलाखतीत हे असलं बोलायचं म्हटलं की जीभच उचलंना."

मला माझीच लाज वाटली. मी तिची माफी मागितली. विद्यार्थ्यांची माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती धड जमलीही नाही.

तो श्रावण होता. सासूबाईंना आता दिसत नाही, म्हणून शुक्रवारची कहाणी मी वाचते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या कहाण्यांत काय काय होतं! राजाचं राज्य जातं, लेकरं दगावतात, भरल्या घरातली लेक अन्नाला महाग होते. इतकं अभद्र आम्ही दरवर्षी देवासमोर बसून मोठ्यानं वाचतो आणि घर मुकाट ऐकतं. कारण ते सगळं आटपाट नगरात घडतं.

सोमवारी मी तिला म्हटलं, "तुझा पेशंट लातूरचा नाही, हैदराबादचाही नाही. तो आटपाट नगरातला आहे. तिथं कुणी तथास्तु म्हणत नाही."

तिनं जरा विचार केला. "तितं दवाखाना हाय का?"

"आहे की. शंभर खाटांचा."

ती पहिल्यांदा हसली. मग हळूहळू, शब्द चाचपत, तिनं आटपाट नगरातल्या एका म्हाताऱ्याचा श्वास थांबवला आणि इंग्रजीतून तो परतही आणला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. पुढं तर चढाओढच लागली. त्या बिचाऱ्या नगरात पंधरा दिवसांत साप चावले, आगी लागल्या, वरातीच्या वराती विषबाधा होऊन दाखल झाल्या, आणि आमच्या नर्सबाईंनी एकालाही मरू दिलं नाही.

मुलाखत माझ्याच खोलीत, माझ्या लॅपटॉपवर झाली. खालच्या दुकानदाराला सांगून अर्धा तास मशीन बंद ठेवलं होतं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी भिंतीला टेकून बसले. चुकीचं औषध दिलं गेलं तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. तिचे ओठ क्षणभर नुसतेच हलले. कुठल्या नगराचं नाव होतं ते मला ठाऊक होतं. मग ती बोलली. डॉक्टरांना लगेच सांगेन, पेशंटजवळून हलणार नाही, काही लपवणार नाही. इंग्रजीत दोन चुका झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बोचल्या नाहीत.

आठ दिवसांनी निवड झाल्याचं कळलं. मला सांगायला ती जिना धावतच चढून आली आणि तिथूनच तिनं घरी फोन लावला, सवयीनं स्पीकरवर. मी फळा पुसायला घेतला, पण कान कुठं पुसता येतात?

"आई, हैदराबादची नोकरी लागली."

"बरं झालं." मग आईनंच विचारलं, "काय इचारलं त्यायनी?"

"पेशंटचं काई बरंवाईट झालं तर काय करशील, असं."

"आन् तू बोललीस?"

"बोलले." मला वाटलं, आता फोन ठेवणार. "आई, बोलल्यानं काई होत न्हाई. पंधरा दिवस रोज बोलले मी. त्या दिशी मी काई बोलले नसते, तरी दादा धडकलाच असता. ट्रॉलीला दिवा नव्हता."



"च्या ठिवला हुता म्या," आई म्हणाली. "उकळी यायची हुती. त्यो म्हनला, घोटभर घिऊन जातो. मीच म्हनले, ऱ्हाऊ दे, उशीर झाला तर मिलवाले बोलतील, नीघ." आवाज फुटला. "च्या पिऊन गेला असता तर गं? कुनाला सांगू? म्हून तुज्यावर ढकललं."

माझ्या हातातलं डस्टर तसंच राहिलं. ती खाली जमिनीवर बसली, फोन दोन्ही हातांत धरून.

"आई, ऐक. च्या पिऊन निघाला असता, तरी अंधारच असता. ट्रॉली तितंच उभी असती."

"खरं?"

हे तिला माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि कुणालाच कधी कळणार नाही. पण पेशंटच्या उशाशी उभं राहून बोलतात तशा आवाजात ती म्हणाली, "हाव आई. खरं."