लोकसहभागाचे डबे

हिशेबाला इतका चोख आणि व्यवहाराला इतका कच्चा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन केडगावात घर बांधलं, पण एसटी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. घरातल्या सपाट फरशीवरसुद्धा ते पाय फाकवून, खिडकीचा गज धरून उभे राहायचे. लग्नाच्या मांडवात कुणी दाराशी घुटमळलं की "आत सरका, आत लई जागा हाय" म्हणत त्याला पार नवरदेवापर्यंत ढकलत न्यायचे. आणि बोलणं संपलं असं त्यांना वाटलं, की बोटातली अंगठी टेबलावर दोनदा वाजवायचे. ही डबल बेल. ती झाली की विषय सुटला. माझ्या लग्नाच्या बैठकीत मानपानावरून दोन्हीकडची वडीलधारी मंडळी हुज्जत घालत बसली होती. मामांनी टकटक केलं आणि लग्न ठरलं. नवरदेवाचं काही म्हणणं आहे का, हे मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

चार रिटायर मित्रांना धरून त्यांनी एक संस्थाही काढली होती. उन्हाळ्यात पाणपोई चालवायची आणि पावसाळ्यात शेळ्यांसाठी झाडं लावायची, एवढंच तिचं कार्य. मग कोरोना आला. कारखान्यांवरून पाथर्डी-शेवगावकडे परत निघालेली ऊसतोड कुटुंबं वाटेतच अडकली, आणि लग्नं बंद असल्यानं ओस पडलेल्या आमच्याकडच्या एका मंगल कार्यालयात त्यांची सोय झाली. त्यांना शिधा पुरवायचं मामांनी अंगावर घेतलं. मुंबईचा एक निधी अशा कामासाठी छोट्या संस्थांना अनुदान देतोय असं कळलं. अर्ज इंग्रजीत. जावयाला इंग्रजी येतं, म्हणून तो माझ्या गळ्यात. देवाची कृपा म्हणा नाहीतर त्या मंडळींची, पहिला हप्ता आलासुद्धा.

आता पीठ-डाळ द्यायची कशात? दुकानं बंद, पिशव्या मिळेनात. मामांनी गल्लीतल्या घराघरातून स्टीलचे डबे गोळा केले, झाकणावर नाव कोरलेले, म्हणजे ज्याचा त्याला परत देता येईल. सुरुवात स्वतःच्या घरापासून. मामींना माहेरून आलेला, त्यांचं नाव घातलेला मोठा डबा, मामी पूजेला बसल्या असताना निघून गेला. आठवड्याचा शिधा संपला की बायका डबा घासून भरायला परत आणत. पण रिकामा डबा कसा द्यायचा? आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत देत नाही. मग कुणाच्या डब्यात मूठभर चिंचा, कुणाच्यात कारखान्यावरून आणलेला गुळाचा खडा. एकीजवळ तर काहीच नव्हतं, तिनं दात घासायला कडुनिंबाच्या काड्या घालून दिल्या. मामा प्रत्येक डबा दोन्ही हातांनी घेत. इथवर ठीक होतं. पण त्यांनी हे सगळं मुंबईला पाठवायच्या अहवालात घालायला सांगितलं. मी हातापाया पडलो. ते म्हणाले, "जावईबापू, आलेलं दडवायचं म्हंजी पैसे घेऊन तिकीट न फाडल्यासारखं हाय."

व्हायचं तेच झालं. मदत घेणाऱ्यांकडून बदल्यात काहीही घ्यायचं नाही, असा निधीचा नियम. खुलासा होईपर्यंत दुसरा हप्ता थांबला. मंगल कार्यालयातल्या माणसांना अजून घरी सोडत नव्हते आणि पीठ तर तळाला गेलेलं. माझं डोकं फिरलं. "काड्यांपायी पोरांच्या तोंडची भाकरी घालवलीत मामा," असं मी बोललो. मामा उठून उरलेलं पीठ मोजायला गेले.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून त्या निधीच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मामांनी मोबाईल असा धरला की तिकडे नुसतं कपाळ दिसत असणार. मॅडमनी सरळ विचारलं, "काका, तुम्ही त्यांच्याकडून वस्तू का घेतल्या?"

मामा म्हणाले, "बाई, घेतलं न्हाई तर त्यांनी आमचं कसं घ्यावं?"

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "माझी आई साखर तरी घालायची वाटीत." आणि पुन्हा साहेबी आवाजात, "अर्जात लोकसहभागाचा रकाना आहे. तो कोरा दिसतोय. तिथं हे लिहून पाठवा." मामांनी टेबलावर टकटक केलं आणि फोन कट केला. आभार मानायचे राहिले, हे जेवताना त्यांच्या लक्षात आलं. हप्ता आला, पीठ आलं, आणि माणसं सुखरूप आपापल्या गावी गेली.

डबेही ज्याच्या त्याच्या घरी पोचले. फक्त मामींचा आला नाही. त्यावरून मामींनी दर दिवाळीला, फराळ कशात भरायचा या निमित्तानं, मामांचा उद्धार केला. मामांचं उत्तर ठरलेलं, "यील की. मोकळा द्यायला कुनाला तरी जड जात आसंल."

मागच्या वर्षी मामा गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला हाक न मारता. आता आमच्या घरातली भांडणं लांबतच जातात, ती मिटवणारं कुणी नाही. मला त्यांची फार आठवण येते.

यंदा संक्रांतीच्या आधी मी मामींकडे बसलो होतो, तर दारात एक बाई आली. फडक्यात बांधलेला डबा पुढं करून म्हणाली, "कंडक्टरबाबा हायेत का? निघायच्या दिशी ह्यात घालाया कायबी न्हवतं. मोकळा कसा द्यावा म्हनून ठिवला. आवंदा बाजरी बरी झाली."

मामींनी झाकणावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. आत गेल्या, बाजरी काढून घेतली, डबा पुसला आणि तिळाच्या लाडवांनी भरून तिच्या हातात दिला.

"आवो, ह्यो तुमचाच हाय," बाई म्हणाली.

"असू दे तुझ्याकडं," मामी म्हणाल्या. "म्हंजी परत येशील."