नख्तचा डावा कान

कुसी गावात मेलेल्यांच्या तोंडावर चढवायचे मुखवटे करणाऱ्या इपीच्या कपाळाला गिऱ्हाईक म्हटलं की आठी पडे. "मेलेल्यांनी आजवर कधी कुरकुर केली नाही," तो म्हणे, "कटकट काय ती मागं राहिलेल्यांची." चिंध्यांवर खळ, त्यावर पांढरा गिलावा चढवून तीस वर्षं तो एकच चेहरा करत आला होता: तरणाबांड, पिवळाधमक, दोन्ही कान शाबूत. पाठीत वाकलेला, दात पडलेला म्हातारासुद्धा त्याच्या हातून विशीतला होऊन निघे. याचा त्याला भारी अभिमान होता.

एके दिवशी नख्त नावाड्याची विधवा त्याच्याकडे आली; हेनूत तिचं नाव. नख्तचं शरीर टिकावं म्हणून क्षारात सुकत ठेवून साठ दिवस झाले होते; दहा दिवसांनी पुरायचं होतं. वाळत ठेवलेला मुखवटा दिसताच तिनं कमरेवर हात ठेवले.

"हा कोण मेला?"

"तुझाच नवरा, मावशी."

"डोळे फुटले का तुझे? डावा कान पाणघोड्यानं तोडला होता त्याचा, आमच्या लग्नाआधीच! त्याचा जीव पाखरू होऊन सांजेला परत येईल, हे परकं तोंड बघेल आणि पुढं निघून जाईल. मग जन्माचा बेवारशी भटकेल तो." बोलता बोलता तिला रडू फुटलं. "काप तो कान."

इपीनं सुरी उचलली. "कापतो. पण मुखवट्याला जे असेल तेच त्याला परलोकात मिळतं; इथं कापलेला कान तिथं पुन्हा फुटत नाही." मग त्यानं कधी नव्हे तो मेलेल्याबद्दल प्रश्न विचारला. "त्या बाजूनं ऐकू यायचं त्याला?"

"कसलं ऐकू येतंय! चाळीस वर्षं मी त्याच्या उजव्या अंगाला निजले, हाक पोचावी म्हणून. डावीकडून भांडले की आपला नुसता हसायचा मेला."

इपीनं सुरी खाली ठेवली. "तोंड ओळखायला चुकेल एखादे वेळी, मावशी. तुझी हाक चुकेल का तो?"

हेनूत डोळे पुसून वाकली आणि मुखवट्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"अहो, ऐकलंत का? चाळीस वर्षं या बाजूनं जे जे बोलले, ते सगळं आता पहिल्यापासून सांगणार आहे. सांजेला वेळेवर घरी या."