डिंकाचा डाग

शौकतचा फोन आला तेव्हा मी पुण्यात बँकेच्या रांगेत उभा होतो. "आपा गेली," एवढंच तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "आजच असरच्या नमाजीनंतर दफन आहे. तुमी पोचायचे नाय दादा, धावपळ करू नका." आणि मी खरंच पोचलो नाही. नजमा त्याची थोरली बहीण, माझी कॉलेजातली मैत्रीण. तिशी गाठायला तिला दोन महिने होते. पोटाच्या आजाराने दीड वर्ष तिला कुरतडलं होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. पण रांगेत माझा नंबर आला तेव्हा मी कशासाठी उभा आहे हेच मला आठवेना. याला आता सहा आठवडे झाले.

नव्याण्णव साली आम्ही रत्नागिरीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. समाजशास्त्राच्या सरांनी विद्यार्थी-संशोधन स्पर्धेसाठी विषय दिला : कुणब्यांच्या वाड्या आणि मुसलमानांचे मोहल्ले यांतली गावठी औषधं, नाच आणि हस्तकला. जोडी लावली माझी आणि नजमाची. ती मालगुंडजवळच्या खाडीकाठची, वडील कुवेतला. मी रत्नागिरी शहरातला, त्यामुळे शहाणा. समोरच्याने तोंड उघडलं की मी वही उघडायचो आणि तो माणूस तोंड मिटायचा. नजमा वही काढतच नसे. एका वाडीत तिने दिवसभर बसून पानांचं इरलं विणायला मदत केली, भातलावणीत डोक्यावरून पाठीवर घेतात ते. जाखडी नाचाच्या तालमीला ती पडवीच्या कडेला बसून पायाने ताल धरायची. घरी कळलं असतं तर बोलणी खाल्ली असती. एस.टी.त बसल्यावर सगळं मला सांगायची आणि म्हणायची, "लिव आता, कारकुना." हे नाव मला कायमचं चिकटलं.

सोनूकाकी आम्हाला शेवटी भेटली. ती नागिणीवर औषध द्यायची. कंबरेवर किंवा पाठीवर फोडांची रांग उठते ती नागीण. तिची दोन्ही तोंडं जुळली की माणूस दगावतो, असं आमच्याकडे मानतात. बुधवारी आणि रविवारी सकाळी काकी एक पाला आणायची, रोग्याकडे पाठ करून वाटायची आणि लेप लावायची. पाल्याचं नाव कधी घेत नसे. ते नाव मरण्याआधी एकालाच सांगायचं, अशी रीत. चौथ्या खेपेला तिने पाटा नजमाकडे सरकवला. "तुला म्हनून शिकवतंय, पोरी. पन कागदार उतारलंस तर गुन जायल," ती म्हणाली. नजमाने तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी स्वतःला मोकळा समजलो.

अंगणात त्या पाल्याचं एक पान पडलं होतं. ते मी वहीत सारलं, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाखवलं, आणि तिथून मिळालेलं लांबलचक शास्त्रीय नाव प्रबंधाच्या पक्क्या प्रतीत सुवाच्य अक्षरात उतरवलं. शेजारी पान डिंकाने चिकटवलं. मला वाटलं, नजमा चकित होईल. प्रबंध द्यायच्या दिवशी तिने ऑफिसबाहेरच्या बाकावर पानं उलटली आणि तिथे येऊन थांबली. पान नखाने खरवडून काढलं, आणि पेनाने ते नाव इतकं गिरवलं की कागद फाटायला आला. परीक्षक म्हणाले, संशोधनात लपवाछपवी चालत नाही. मुंबईच्या फेरीतून आमचं नाव गेलं. मी जिन्यातच तिला म्हणालो, "माझं वाटोळं केलंस." ती म्हणाली, "आणि तू काकीचा करीत होतास, त्याचा काय?" त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही. चूक माझी होती. तिला तसं सांगायला मला फार उशीर झाला.

मधल्या काळात काकी वारली. नजमा गावच्या शाळेत शिकवू लागली आणि लोक तिच्या मागल्या दारी येऊ लागले. हे मला कळलं आईकडून. आईला नागीण झाली, कुणीतरी पत्ता दिला, आणि ती थेट नजमाच्या दारात. नजमाने ओळखलं, पाच वेळा लेप लावला, एक पैसा घेतला नाही. आई बरी झाली. लेपाने की आपोआप, मला सांगता येणार नाही. मी तोंड लपवत आभार मानायला गेलो. "ये कारकुना, चाय घे," एवढ्यावर तिने तीन वर्षं मिटवली.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. ती खाटेवर होती, मागलं दार उघडं, पाटा तिथेच. शौकतला तिने दूध आणायला पाठवलं. मग म्हणाली, "नाव कुनाला तरी द्याचा हाय. शौकतला याचा काय नाय, तो दुबयला जानार. तू लिवनार नाय, असा म्हन." मी म्हणालो, "लिहिण्यावर माझं पोट आहे, नजमा... शब्द कसा देऊ?" मला वाटलं, मी प्रामाणिक वागतोय. केवढा तो प्रामाणिकपणा, मरणाऱ्या माणसापुढे! तिने आईची तब्येत विचारली.

गेल्या बुधवारी मी तिच्या घरी होतो. सकाळी एक बाई मागल्या दाराशी आली, कंबरेशी पदर धरून. शौकतने तिला सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं आणि मला विचारलं, "तुमाला सांगितलान काय आपाने?" मी नाही म्हणालो. ते शास्त्रीय नावही मला आठवत नाही. नुसतं उतरवून घेतलेलं माझ्या कधीच लक्षात राहत नाही.

निघताना त्याने कॉलेजाकडून परत आलेला तो प्रबंध दिला. तिने जपून ठेवला होता. त्या पानावर शाईचा काळा पट्टा आहे आणि शेजारी वाळलेल्या डिंकाचा डाग, पानाच्या आकाराचा. त्यावरून झाड ओळखू येत नाही, मी प्रयत्न केला. परवा त्या डागावर हात ठेवून मी मोठ्याने म्हणालो, "नाही लिहिणार." घरात कुणी नव्हतं.