गडूतली चौथी चिठ्ठी

ती घटना आठवली की आजही आधी एक पितळेचा गडू डोळ्यांसमोर येतो. मी तेव्हा पुसद भागातील एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचे नाव लिहीत नाही. माणसे हयात आहेत.

तलाव एक, कालवा एक आणि वाटेकरी दोन: गाव आणि पलीकडचा बंजारा तांडा. रब्बीत तलावाचे पाणी तीन पाळ्यांनी सुटे. ज्याला आधी मिळे त्याचा हरभरा भिजे, मागच्याला उरलेसुरले. आधी कोण, हे प्रत्येक पाळीला चिठ्ठी टाकून ठरे. दोन्हीकडचा एकेक माणूस 'गाव' आणि 'तांडा' अशा दोन चिठ्ठ्यांची घडी घाली आणि देवळातला वृद्ध गुरव डोळ्यांवर दुपट्टा बांधून गडूतून एक चिठ्ठी काढी. वर्षानुवर्षे यावर कोणी शंका घेतली नव्हती. त्या हंगामात मात्र तिन्ही वेळा 'गाव' निघाले.

तलावात पाणी बरे होते, म्हणून चौथी पाळी मंजूर झाली. सोडतीच्या आदल्या दिवशी पोलीस पाटलाचा फोन आला. गुरव चिठ्ठी काढतानाचा व्हिडिओ, वेग कमी करून, मोबाइलवर फिरत होता. त्यात त्याची बोटे गडूत रेंगाळलेली दिसत. तांड्यातील काही तरुणांनी तो हात मोडायचे ठरवले होते आणि गावातील पोरांनीही काठ्या जमवल्या होत्या. पाटील हलक्या आवाजात बोलत होता. नेहमी मोठ्याने बोलणारा माणूस फोनवर आवाज उतरवतो, तेव्हा खबर बहुधा खरी असते.

गुरवाला चौकशीसाठी ठाण्यात आणले आणि स्टेशन डायरीत नोंद केली. मुख्य हेतू त्याच्या संरक्षणाचा होता; पण आरोप होता, म्हणून चौकशीही कसून केली. जुन्या चिठ्ठ्या मागवून तपासल्या. कागद एकच, घडी सारखी, खूण कुठेही नाही. दोषी माणूस चौकशीत स्वतःचा बचाव करतो. हा करीत नव्हता. पुढ्यातला चहा त्याने तसाच ठेवला, उजवा हात मांडीवर उताणा धरला आणि म्हणाला, "साहेब, मले आता माह्याच हाताचा भरोसा नाही राह्यला. डोळे बांधले तरी बोटाले समजत असन का हो?"

निरपराध माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागला की त्याच्याकडून हवा तसा जबाब लिहून घेता येतो. म्हणून मी चौकशी तिथेच थांबवली.

सोडतीच्या दिवशी गुरवाला सोबत घेऊन बंदोबस्तासह गेलो. मनुष्यबळ अपुरे होते. देवळासमोर दोन्ही बाजू उभ्या होत्या आणि मधली जागा कमी होत चालली होती. तांड्यातील एक तरुण पुढे आला.

"तीनदा गावच? हे काय आपोआप होते का, साहेब? आमाले येडं समजता का?"

गावाकडून कोणीतरी म्हणाले, "नशीब लागते, बापू." काठ्या हलल्या.

मी देवळाच्या ओट्यावर बसलो आणि जवळच्या घरातून हरभरा व तूर मागवली. तांड्याच्या प्रमुखाला, म्हणजे नायकाला, समोर बसवले. हरभरा म्हणजे गाव, तूर म्हणजे तांडा. तीन सोडतींचे जितके निकाल लागू शकतात, तितक्या ओळी आम्ही दोघांनी मांडायला घेतल्या. पहिल्या ओळीत तिन्ही हरभरे. दुसरीत शेवटचा दाणा बदलून तूर. मग मधला बदलला. असे करीत तीन तुरींच्या ओळीपर्यंत आलो, तेव्हा आठ ओळी झाल्या. नववी कोणाला सुचते का, असे विचारले. त्या तरुणाने एक मांडून पाहिली. ती आधीच मांडलेली निघाली.

मग मी सांगितले, "चिठ्ठी प्रामाणिक असेल, तर यातली कोणतीही ओळ येण्याची शक्यता सारखीच. हरभरा, तूर, हरभरा अशी आली असती, तर कोणी काठी उचलली नसती. तीही आठांतली एकच. एकतर्फी ओळी मात्र दोन आहेत. एक यांची, एक तुमची. चार हंगामांत एखादा एकतर्फी निघाला, तर त्यात नवल नाही."

नायक तीन तुरींच्या ओळीकडे पाहत राहिला. "हे आलती," तो म्हणाला. "माह्या लहान्या पोराचं लगन झालं त्या साली. तीनही पाळ्या आमच्या."

तेव्हा तक्रार कोणी केली, असे मी विचारले. गावाच्या गर्दीतून एक म्हातारा बोलला, "शिव्या देल्ल्या होत्या. पन घरात बसून." दोन्हीकडचे काहीजण हसले. तो तरुण हसला नाही.

निदान या खेपेला चिठ्ठी काढणारा हात तरी बदला, अशी मागणी तांड्याकडून आली. मी नाकारली. हात बदलला असता, तर आरोप सिद्ध झाल्यासारखा झाला असता आणि गुरवाला त्या देवळात पुन्हा उभे राहता आले नसते. मात्र धोका मला दिसत होता. चिठ्ठीला मागचे निकाल ठाऊक नसतात. चौथ्या वेळीही 'गाव' निघण्याची शक्यता निम्मी होती. हे लोकांना समजावून सांगणारा मी, 'तांडा' निघावे असे मनात घोकत होतो. गुरवाने डोळ्यांवर दुपट्टा बांधून गडूत हात घातला. गडू दगडावर वाजला.

चिठ्ठी नायकाने उघडली. 'गाव'.

तो तरुण गुरवाच्या दिशेने निघाला. माझा हात शिटीकडे गेला. नायकाने मान वर न करता त्याच्यापुढे हात आडवा धरला आणि मूठभर दाणे ओट्यावर, आठ ओळींशेजारी, ओतले.

"थांब. आता सोळा ओळी होतात. हे बी त्यातलीच एक. बस खाली अन् मांड."

तो क्षणभर उभा राहिला. मग बसला.

पुढच्या नोकरीत 'हा योगायोग असूच शकत नाही' हे वाक्य अनेक फिर्यादींत वाचले. प्रत्येक वेळी आधी सगळ्या शक्यता कागदावर मांडल्या आणि मगच संशयिताला बोलावले. काही प्रकरणांत तो योगायोग नव्हता; तिथे आरोपपत्र दाखल केले. पण मांडणी आधी, माणूस नंतर. हा क्रम मला त्या ओट्यावर कळला.

त्या दिवशी परत निघताना गुरवाने चहा आणला. पेला त्याने उजव्या हाताने पुढे केला.