पेशंटने बोलायचं नाही

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. एक गोष्ट मी पदरची घातली आहे, तेवढी सोडून. ती कोणती ते शेवटी सांगेन, तोवर चहा मागवा.

आमच्या पारोळ्यात मुलामुलींचं एक रविवार पथक आहे. त्यांना किल्ले चढवायचे, दोरीच्या गाठी आणि जखमेला पट्टी बांधायला शिकवायचं. शिकवणारे आम्ही तिघं, बिनपगारी: दामूनाना, उषाअक्का आणि मी. अशा कामात किस्से पोत्याने साठतात, आणि आमच्या पोत्यातले चौदा आणे नानांचे.

नानांचं बसस्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान. तीस वर्षं पथक चालवलं, पण अंगावर सत्काराची शाल एकदाही पडू दिली नाही. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, मुलीने धुळ्याला राहायला बोलावलं आणि नानांनी दुकानाची किल्ली भाच्याच्या हातात ठेवली.

अक्का मला म्हणाल्या, "भाऊ, नाना धुळ्याच्या गाडीत बसायच्या आत त्यांच्या अंगावर शाल पडली पाहिजे. नाही पडली तर मीही पथक सोडते."

अक्का सोडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण त्या गंमत करत नव्हत्या, हेही ठाऊक होतं.

*

नानांच्या गळ्यात कायम एक पितळी शिटी. एक लांब शिटी म्हणजे असाल तिथून या आणि रांगेत उभे राहा.

एकदा भर बाजारात बैल उधळला. त्याला थांबवायला नानांनी शिटी मारली. बैलाने ढुंकूनही पाहिलं नाही. पण खांबावरचा वायरमन खाली उतरला, टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला, चौकातला हवालदार धावत आला, आणि समोरून वरात येत होती तिच्यातला नवरदेव घोड्यावरून उतरून रांगेत चौथा उभा राहिला. चौघंही पथकातली जुनी पोरं!

नानांनी त्याच्या मुंडावळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू जाय रे भो. तुले आज सुट्टी शे."

(घोडा पांढरा होता की तपकिरी, विचारू नका. माझं लक्ष बैलाकडे होतं.)

*

सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी शिबिर होतं. पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा वरण-बट्टी केली. वरणाचं जमलं. बट्टी अशी झाली, की वाऱ्याने तंबू हलायला लागला तेव्हा आम्ही चार कोपऱ्यांवर चार बट्ट्या ठेवल्या. तंबू जागचा हलला नाही.

पोरांची तोंडं एवढीशी झाली. नाना पुढे झाले, तीन बट्ट्या खाल्ल्या आणि म्हणाले, "चांगली शे. जरा चावनी पडस."

परतताना एसटीत त्यांनी खिशातून रुमाल काढून मला उघडून दाखवला. आत दाढ होती.

"पोरेसले सांगू नको," एवढंच म्हणाले.

*

आता सत्काराचं. दरवर्षी पथकाच्या संमेलनात शिकवणाऱ्यांना शाल आणि नारळ मिळतो. एका वर्षी नानांचं नाव पुकारलं, तर ते मागे स्वयंपाकात. आता आलो तर भाजी करपेल, असा निरोप आला. पुढच्या वर्षी, एवढ्या उन्हात शाल कशाला म्हणत जनरेटरच्या मागे जाऊन बसले.

गेल्या वर्षी अक्कांनी डोकं चालवलं. शालीचं तबक नानांच्याच हातात दिलं, म्हणजे माणूस स्टेजवर तरी सापडेल. नाव पुकारलं. नानांनी तबकातली शाल उचलली, झटकली आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या खांद्यावर टाकली. टाळ्या पडल्या. मी दोन शब्द बोललोसुद्धा!

अक्का चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शाल मात्र उबदार आहे.

*

यंदा शेवटची संधी. मी सुचवलं, नानांना सरळ खुर्चीला बांधू. आठवीतली प्रांजल, आमची टोळीनायिका, ऐकत होती. ती म्हणाली, "काका, नाना स्वतःचा नियम मोडत नाहीत ना? मग नियमातच धरू."

प्रथमोपचाराच्या परीक्षेत नानांचा एक नियम फार कडक. पेशंटने बोलायचं नाही, हलायचं नाही. तो बोलला की अख्खी टोळी नापास.

संमेलनात प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक होतंच, आणि त्यालाही परीक्षेसारखे मार्क होते. पाच मिनिटं आधी प्रांजल रडवेली होऊन नानांकडे गेली. पेशंट होणारा मुलगा नशिराबादला मामाकडे गेलाय म्हणाली. नाना पुढचं काही न ऐकता आडवे झाले. दोन लाठ्या, एक चादर, चार गाठी, असं स्ट्रेचर झालं आणि सहा पोरींनी नानांना उचलून स्टेजवर आणलं.

"पेशंटला गार पडू द्यायचं नसतं," प्रांजल माइकवर म्हणाली. "पांघरूण घाला."

संमेलनाचे प्रमुख पाहुणे पुढे आले आणि त्यांनी शाल नानांच्या अंगावर घातली.

तेव्हा नानांच्या ध्यानात आलं. त्यांनी मान उचलली, तोंड उघडलं. प्रांजलने हातातला मार्कांचा कागद दाखवला. नानांनी तोंड मिटलं आणि मान खाली ठेवली. अक्कांनी त्यांच्या पोटावर नारळ ठेवला. तो श्वासाबरोबर वर-खाली होत राहिला.

मग प्रांजलने नानांच्या गळ्यातली शिटी हळूच काढली आणि एक लांब शिटी मारली.

खुर्च्या सरकल्या. वायरमन उठला, हवालदार उठला, टेम्पोवाला उठला. तो नवरदेव आपल्या पोरीला कडेवर घेऊन उठला. बघता बघता अर्धा हॉल रांगेत उभा!

नाना छताकडे बघत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकदम धूळ गेली, आणि पेशंटला हात हलवायची परवानगी नव्हती. अक्कांनी पदराने डोळे पुसले. आधी नानांचे आणि मग स्वतःचे.

"पेशंट बरा झाला," प्रांजलने जाहीर केलं.

नाना उठून बसले, शाल सारखी केली, वाकून चादर तपासली आणि म्हणाले, "डावीकडली गाठ ढिली शे. एक मार्क कट."

*

आता कबुली. नवरदेव खरा, बट्टी खरी, दाढ तर मी डोळ्यांनी पाहिली. पदरची घातली ती फक्त धूळ. तो हॉल त्या दिवशी सकाळी नानांनीच झाडून, पुसून घेतला होता.